नळयोजनेसाठी पंपाची निवड : देणगीदारांस व गावकऱ्यांस उपयुक्त माहिती

तेल्हारा तालुक्यातील व्यापारी, शेतमालक व उदार देणगीदार सज्जनहो,

दुष्काळ निवारणाच्या अहवालात जमाखर्च असावा, मिळालेल्या वर्गणीचा तपशील असावा व पुढील कार्यासाठी विनंती असावी, अशी रीत आहे. या खेपेस त्या रीतीस सोडून पंपाच्या निवडीवर एक लेख आम्ही घालीत आहोत. याचे कारण प्रारंभीच स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य होय. आपण विश्वासाने दिलेल्या द्रव्यापैकी काही भाग आमच्या अज्ञानामुळे फुकट गेला. चोरीस गेला नाही, कोणी खाल्ला नाही. पंप विकत आणला, बसविला, त्यावर दात्याच्या वडिलांच्या नावाची पाटीही लावली. परंतु ऐन वैशाखात, ज्या दिवसांसाठी तो आणिला होता त्याच दिवसांत, तो पाणी देईना. तीच चूक पुनः होऊ नये, आणि आपणांपैकी जे स्वतंत्रपणे एखाद्या गावास पंप देऊ इच्छितात त्यांच्याही हातून ती घडू नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.

आपल्या वऱ्हाडाने दुष्काळ पुष्कळ पाहिले. १८९९-१९०० सालच्या दुष्काळात धान्य व वैरण यांचा दुष्काळ पडून माणसे व जनावरे मेली. १९७२ साली महाराष्ट्रभर अवर्षण पडले तेव्हा लोकांस खडी फोडण्याची व बंधाऱ्याची कामे देऊन जगवावे लागले. आज धान्य बाहेरून येऊ शकते. पाणी मात्र सहजासहजी येत नाही. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहरासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट सर्वांच्या स्मरणात असेलच. त्या पहिल्या गाडीने सुमारे पाच लक्ष लिटर पाणी नेले. नळाने जे पाणी काही तासांत येते, त्यासाठी आगगाडीचे डबे जुंपण्याची पाळी येणे, यावरूनच नळयोजनेची किंमत कळावी.

तेल्हाऱ्याची अडचण आणखी निराळी आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस पूर्णा नदी. पायथ्याकडे हिवरखेडच्या बाजूस गोडे पाणी लागते. परंतु जसजसे पूर्णेकडे जावे तसतसा खारपाणपट्टा सुरू होतो. अकोला, अमरावती व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिववत नाही. म्हणून पाणी उत्तरेकडून नळाने आणणे हाच मार्ग उरतो. वान नदीवरील हनुमान सागर जलाशयातून अकोट व तेल्हारा तालुक्यांतील गावांसाठी उभारलेली ८४ खेडी योजना याच गरजेतून निघाली. मोठ्या योजनेस पूरक म्हणून काही गावे पायथ्याकडील एखाद्या गोड्या विहिरीवरून स्वतःचा नळ आणू पाहतात. आमच्यासारख्या लहान समितीचे साहाय्य लागते ते अशाच गावांस.

आमची चूक कशी घडली

गावाचे नाव येथे देत नाही. दोष गावाचा नव्हता, आमचा होता. वस्ती सुमारे २,५०० ची. गोड्या पाण्याची विहीर गावापासून ३ किलोमीटर उत्तरेस. आम्ही मार्गशीर्षात विहीर पाहिली तेव्हा पाणी काठापासून ३ मीटर खाली होते. ‘अंतर मोठे आहे, तेव्हा पंपही मोठा पाहिजे’ असे सर्वांचे मत पडले. दात्यांचाही आग्रह मोठ्या पंपाचाच होता. १५ अश्वशक्तीचा पंप विहिरीच्या काठावर बसविला. त्याच्या पाटीवर ८० मीटर उंची लिहिली होती. पहिल्या दिवशी टाकीत धबधबा पाणी पडले, नारळ फुटले, फोटो निघाले.

माघात तक्रार आली की विहीर दोन-तीन तासांतच तळ दाखविते. पंप जरुरीपेक्षा अधिक पाणी उपशी, आणि विहिरीचे झरे तितक्या वेगाने भरून देत ना. मिस्त्रीने व्हॉल्व्ह अर्धा मिटून काम चालविले. पाणी बेताचे येऊ लागले, विजेचे बिल मात्र फारसे उतरले नाही. चैत्रात पाण्याची पातळी आणखी खाली गेली, पंप हवा ओढू लागला, आणि वैशाखात तो पूर्णपणे बंद पडून गाव पुनः टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले. पंपात कसलाही बिघाड नव्हता. बिघाड आमच्या निवडीत होता. ती निवड कशी करावयास पाहिजे होती, हे त्याच गावाचे आकडे घेऊन क्रमाने सांगतो.

१. रोज पाणी किती पाहिजे

प्रथम पंपाचा विचार करूच नये. प्रथम गावाची तहान मोजावी. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात दर माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरिले आहे. त्या हिशेबाने २,५०० माणसांस १,३७,५०० लिटर लागतात. गावात ४०० गुरे धरून दर जनावरास ४५ लिटर दिले तर १८,००० लिटर. दोन्ही मिळून १,५५,५००. गळती व नासाडीसाठी शेकडा १५ धरिले म्हणजे एकंदर सुमारे १,८०,००० लिटर होतात.

दुसरा प्रश्न, हे पाणी किती तासांत चढवावयाचे? वीज खात्रीने ८ तास मिळते असे धरिल्यास ताशी २२,५०० लिटर, म्हणजे सेकंदास सव्वासहा लिटर. पंपाच्या निवडीतील हा पहिला आकडा. याहून अधिक पाणी देणारा पंप आणल्याने गावाची तहान वाढत नाही, विहीर मात्र लवकर आटते. यासाठी उन्हाळ्यात उपसा-चाचणी घेऊन विहीर ताशी किती पाणी टिकवून देते हे आधी पाहिले पाहिजे. आम्ही ती घेतली नाही, ही आमची पहिली चूक.

२. पाणी किती उंच चढवावयाचे

अंतर व उंची यांत लोकांचा नेहमी घोटाळा होतो. सपाट जमिनीवर पाणी कितीही लांब नेले तरी ते उचलावे लागत नाही; फक्त नळाच्या भिंतीशी होणारे घर्षण सोसावे लागते. उचलण्याची उंची मोजावयाची ती विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून टाकीत पाणी जेथे पडते तेथपर्यंत. ही पातळी वैशाखातली, पंप चालू असतानाची, म्हणजे सर्वांत खालची धरावी. आमच्या विहिरीत ती काठापासून ९ मीटर खाली जाते. गावाची जमीन विहिरीच्या काठापेक्षा ३ मीटर सखल आहे, कारण आपल्याकडे उतार सातपुड्याकडून पूर्णेकडे आहे. टाकीचे तोंड गावच्या जमिनीपासून १५ मीटर उंच. तेव्हा ९ वजा ३ अधिक १५ मिळून खरी चढण २१ मीटर झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात यावी. उतार अनुकूल असल्यामुळे तेल्हाऱ्याच्या उत्तरेकडून येणाऱ्या नळास चढण फारशी नसते. मुख्य भार घर्षणाचा असतो. घर्षण हे नळाच्या घेरावर अवलंबून असल्यामुळे पंपाची निवड ही अर्धीअधिक नळाचीच निवड होय.

३. नळाचा घेर आणि विजेचे बिल

तेवढेच पाणी अरुंद नळातून नेले तर त्याचा वेग वाढतो व घर्षण वेगाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात चढते. शिवाय घेर थोडा कमी झाला तरी वेग पुष्कळ वाढतो. म्हणून घेर पाव भागाने घटविला, म्हणजे १०० मिलिमीटरचा ७५ मिलिमीटर केला, तर घर्षण चौपट होते. आमच्या ३ किलोमीटर प्लॅस्टिक नळासाठी, सेकंदास सव्वासहा लिटर पाणी धरून, बेरीज अशी येते. आतील व्यास दिला आहे. वळणे, व्हॉल्व्ह इत्यादींचा भार शेवटच्या उंचीत मिळविला आहे. पंपाची कार्यक्षमता शेकडा ६० व मोटरची शेकडा ८५ धरिली आहे.

७५ मिलिमीटरचा नळ : घर्षण सुमारे ८५ मीटर, एकूण उंची ११० मीटर, मोटर २० अश्वशक्ती, वर्षाची वीज सुमारे ३८,६०० युनिट.

१०० मिलिमीटरचा नळ : घर्षण सुमारे २१ मीटर, एकूण उंची ४४ मीटर, मोटर साडेसात अश्वशक्ती, वर्षाची वीज सुमारे १५,५०० युनिट.

१२५ मिलिमीटरचा नळ : घर्षण सुमारे ७ मीटर; एकूण उंची २९ मीटर; मोटर ५ अश्वशक्ती; वर्षाची वीज सुमारे १०,२०० युनिट.

व्यापारी मंडळींनी हे तीन आकडे आपल्या खातेवहीच्या नजरेने पाहावेत. ७५ चा नळ घेऊन जी बचत दिसते ती एकदाच होते. तिच्यासाठी दर वर्षी २३,००० युनिटांवर वीज अधिक भरावी लागते, आणि हे व्याज नळ जमिनीत असेतो चुकत नाही. १०० वरून १२५ वर जाण्यात वर्षाला सुमारे ५,३०० युनिट वाचतात. तेथे नळाची वाढीव किंमत व विजेचा दर यांचा मेळ घालून निर्णय करावा. पंपाच्या किमतीपेक्षा त्याने आयुष्यभर खाल्लेल्या विजेची किंमत कितीतरी अधिक भरते, हे एकदा ध्यानात आले म्हणजे देणगी कोठे द्यावी हेही ध्यानात येते. पंपावर पाटी लावता येते, जमिनीतील नळावर लावता येत नाही, म्हणून नळासाठी वर्गणी मिळत नाही असा आमचा अनुभव आहे.

आणखी एक उपाय फुकटचा आहे. जेथे वीज १६ तास भरवशाची मिळते तेथे पंप अर्ध्या वेगाच्या पुरवठ्याने दुप्पट वेळ चालवावा. पाणी तेवढेच चढते. १०० मिलिमीटरच्या नळातील घर्षण मात्र २१ मीटरवरून सुमारे ६ मीटरवर येते, आणि विहिरीच्या झऱ्यांसही उसंत मिळते. यासाठी पंप मुळातच लहान घ्यावा लागतो.

४. पंप पाणी ओढीत नाही

काठावरचा पंप पाणी ओढून घेतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. वास्तविक पंप फक्त आपल्या तोंडाशी पोकळी करितो. विहिरीतील पाणी वर ढकलते ते वातावरणाच्या भाराने. समुद्रसपाटीस हा भार पाण्याच्या सुमारे १०.३ मीटर उंच स्तंभाइतका असतो. उंच प्रदेशात तो थोडा कमी, उष्ण पाण्यात आणखी थोडा कमी, फूट व्हॉल्व्ह व नळातील घर्षणात आणखी कमी. शेवटी हातात ६ मीटरही कष्टाने उरतात. ५ मीटरच्या आत राहावे हे शहाणपण. मर्यादा ओलांडली की पंपाच्या आत पाण्याच्या वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात, आत कोणी खडे टाकावेत तसा आवाज येतो, पंख्याचे धातूकण झडतात, आणि पाणी थांबते. पंप कितीही अश्वशक्तीचा असला तरी हवेचा भार वाढत नाही. १५ अश्वशक्ती आणून आमचा पंप वैशाखात ९ मीटर खालचे पाणी उचलू शकला नाही, तो यामुळे.

मग पंप विहिरीत खाली बसवावा तर? आपल्याकडील कास्तकार उन्हाळ्यात पंप खालच्या पायरीवर उतरवितात व पावसाळ्यापूर्वी वर घेतात. स्वतःच्या शेतावर हे जमते. सार्वजनिक योजनेत तो दिवस नेमका कोणाच्या ध्यानात राहत नाही, आणि आषाढात मोटर बुडते. पातळी ३ पासून ९ मीटरपर्यंत खालीवर होणाऱ्या विहिरीसाठी पाण्यात बुडून चालणारा ओपनवेल सबमर्सिबल पंप घ्यावा. तोही केंद्रोत्सारी जातीचाच. फक्त त्याचा पंखा सदैव पाण्याखाली असल्यामुळे ओढण्याचा प्रश्नच उरत नाही व प्रत्येक वेळी पंपात पाणी भरण्याची दगदगही वाचते. दुरुस्तीसाठी तो वर काढावा लागतो, म्हणून साखळी-कप्पीची सोय पहिल्याच दिवशी करून ठेवावी.

५. पाटीवरील अश्वशक्ती आणि पंपाचा गुणवक्र

केंद्रोत्सारी पंपात पंखा वेगाने फिरून पाणी मध्यापासून परिघाकडे फेकितो. त्या वेगाचाच पुढे दाब होतो. पंख्याचा आकार हे त्याचे मर्म होय. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात अॅपोल्ड नामक गृहस्थाने सरळ पात्यांऐवजी वळविलेली पाती लावून पंपाची कार्यक्षमता शेकडा ६८ पर्यंत नेली. सरळ पात्यांचे पंप तिच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हते. आपल्या महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसविलेल्या किर्लोस्करवाडीत १९२६ पासून असे पंप होऊ लागले. म्हणजे ही विद्या आपल्याला नवी नाही. ती विचारून घेण्याची सवय मात्र नाही.

प्रत्येक पंपाचा एक गुणवक्र असतो. अमुक उंचीस तो अमुक पाणी देतो. उंची कमी झाली की पाणी वाढते, उंची वाढली की पाणी घटते. याच वक्रावर एक जागा अशी असते की तेथे कार्यक्षमता सर्वांत अधिक. गावाची गरज त्या जागेच्या जवळपास पडली पाहिजे. आमच्या ८० मीटरच्या पंपास ४४ मीटरहूनही कमी उंचीचे काम दिले, म्हणून तो वक्रावर घसरून अधिक पाणी फेकू लागला व विहीर उपसली. व्हॉल्व्ह मिटून त्यास वळणावर आणले तेव्हा ८० पैकी ३६ मीटरचा दाब निव्वळ व्हॉल्व्हवर आपटून वाया जात होता. अशा रीतीने वर्षभर चालविला असता तर सुमारे २८,००० युनिट लागले असते. योग्य पंपास १५,५०० लागतात.

तेल्हाऱ्याच्या बाजारात कापूस घेणारा कोणताही व्यापारी नुसत्या वजनावर भाव करीत नाही. रुईचा उतारा किती हे तो आधी पाहतो. पंपाची अश्वशक्ती हे कापसाचे वजन, आणि कार्यक्षमता हा रुईचा उतारा. तेव्हा विक्रेत्यास ‘किती अश्वशक्तीचा?’ असे न विचारता असे विचारावे : ‘सेकंदास सव्वासहा लिटर पाणी ३८ ते ४४ मीटर उंचीस पाहिजे; त्या दोन्ही टोकांस कार्यक्षमता किती, ते गुणवक्रावर दाखवा.’ ३८ ही हिवाळ्यातली उंची, ४४ ही वैशाखातली. जो वक्र दाखवू शकत नाही त्याच्याकडून स्वस्तातही पंप घेऊ नये.

६. दुसरा पंप कशासाठी

दुसरी देणगी आली की पहिल्याच्या शेजारी दुसरा पंप जोडून दुप्पट पाणी मिळवावे, अशी सूचना येते. नळ तोच असेल तर पाणी दुप्पट होत नाही. पाणी वाढू लागताच घर्षण त्याहून झपाट्याने वाढते. आमच्या उदाहरणात दोन्ही पंप एकदम चालविले तर पाणी सव्वापटीच्या आसपासच थांबते, वीज मात्र दोन मोटरांची जळते. दुसरा पंप अवश्य असावा, पण राखीव म्हणून. दुष्काळात पंप जळाला तर दुरुस्तीस लागणारे चार दिवस गावाने कोठून पाणी प्यावे? दोन्ही पंप आळीपाळीने चालवावेत. नुसता पडून राहिलेला पंप गरजेच्या वेळी गंजलेला सापडतो.

७. वीज, उलटा धक्का व धातू

खेड्यातील विजेचा दाब उन्हाळ्यात पडतो. मोटरचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे असतो. दाब शेकडा ८० वर आला की जोर शेकडा ६४ उरतो, मोटर अधिक प्रवाह ओढून तापते व जळते. म्हणून गणिताने ६ अश्वशक्ती आली तेथे साडेसातची मोटर घेतली आहे. एवढी सवलत पुरे. दुप्पट सवलत हा उपाय नव्हे. कमी दाबास, अतिप्रवाहास, एक फेज गेल्यास व विहीर कोरडी पडल्यास पंप आपोआप बंद करणारी पेटी मात्र असलीच पाहिजे.

वीज एकाएकी गेली की ३ किलोमीटर लांबीचा चालता पाण्याचा स्तंभ थांबून मागे उलटतो व नळास धक्का देतो. आमच्या प्लॅस्टिक नळात हा धक्का चालू दाबाच्या वर आणखी २५ ते ३० मीटर उंचीइतका भरतो; लोखंडी नळात त्याहून कितीतरी अधिक. तेव्हा चालू दाब साडेतीन किलो आहे म्हणून ६ किलोचा नळ पुरेल असे म्हणू नये; ८ किंवा १० किलोचा घ्यावा. पंपाजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह व नळाच्या प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवावा. खारपाणपट्ट्यात गुरांसाठी वा इतर वापरासाठी खाऱ्या विहिरीवर पंप बसवावयाचा असेल तर साध्या ओतीव लोखंडाचा पंखा लवकर खाल्ला जातो. तेथे ब्राँझचा किंवा स्टेनलेस स्टीलचा मागावा.

८. दोन लहान यंत्रे : दाबमापक व पाणीमापक

पंपाच्या किमतीच्या मानाने अगदी अल्प खर्चात ही दोन यंत्रे बसतात, आणि गावातील कोणासही पंपाची नाडी पाहता येते. आमच्या नळावर विहिरीच्या काठाशी दाबमापकाचा काटा साडेतीन किलोच्या आसपास राहिला पाहिजे. एक किलो म्हणजे अदमासे १० मीटर उंची. दाब उतरला आणि पाणीमापक अधिक पाणी दाखवीत असेल, तर नळ कोठे तरी फुटला आहे. दाब व पाणी दोन्ही उतरले असतील, तर पंखा झिजला, जाळीत कचरा अडकला किंवा पातळी खाली गेली. दाब चढला व पाणी घटले, तर पुढे व्हॉल्व्ह मिटलेला आहे किंवा नळ तुंबला आहे. रोज सकाळी हे दोन आकडे व विहिरीची पातळी एका वहीत लिहिली, तर वैशाखाचे संकट फाल्गुनातच दिसते. आमच्या त्या गावी अशी वही असती, तर टँकर येण्यापूर्वी दोन महिने आम्हांस कळले असते.

आमची विनंती

वरील विवेचनाचा मथितार्थ एवढाच की पंप हा शेवटी निवडावयाचा असतो. आधी माणसे व गुरे मोजावीत, मग वैशाखातील विहीर, मग चढण, मग नळ, आणि त्यानंतर पंप. आम्ही तो आधी निवडला व बाकीचे सर्व त्याच्यामागे ओढीत नेले.

यापुढे आमच्या समितीने स्वतःस काही बंधने घालून घेतली आहेत. उन्हाळ्यातील उपसा-चाचणी झाल्यावाचून कोणत्याही गावास पंप दिला जाणार नाही. प्रत्येक पंपाचा गुणवक्र व वरीलप्रमाणे केलेले गणित चावडीवर लावले जाईल, म्हणजे ज्यास तपासावयाचे असेल त्याने तपासावे. मागील चुकीचा पंप काढून अधिक उंचीच्या ज्या गावास तो खरोखर जुळेल तेथे देण्याचे आम्ही ठरविले आहे. तोवर त्याची किंमत हिशेबात ‘अडकलेली रक्कम’ म्हणून वेगळी दाखविली जाईल. ज्या दात्यांनी तो दिला त्यांनी हे ऐकून रागावण्याऐवजी नळासाठी पुनः वर्गणी दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आपणांस आमची प्रार्थना अशी की देणगी देताना ‘एवढ्या अश्वशक्तीचा पंप’ असे नाव घालून देऊ नये. ‘या गावच्या पाण्यासाठी’ असे म्हणून द्यावी, आणि त्या रकमेतून घेर वाढविलेला नळ घ्यावयाचा, राखीव पंप घ्यावयाचा, की दाबमापक व संरक्षक पेटी घ्यावयाची, हे गणितावर सोडावे. ज्यांस रोख देणे शक्य नाही अशा शेतमालकांनी आपल्या विहिरीची मार्गशीर्षातील व वैशाखातील पातळी मोजून आम्हांस कळविली, तरी तेही मोठेच दान होईल. त्या दोन आकड्यांच्या अभावीच आमचे सर्व चुकले. नळ जमिनीत गाडला जातो व त्यावर कोणाचे नाव दिसत नाही, हे खरे. परंतु वैशाखाच्या दुपारी बाईने तोटी फिरवावी व तीतून पाणी यावे, यापरती निराळी पाटी कोणास हवी?

आपले नम्र,
दुष्काळ निवारण समितीचे सभासद, तेल्हारा